आजी स्वर्गात जाणार का? न्यू जर्सीतल्या एका मंडळीचं आणि एका मराठी घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२३ सालचं, मध्य न्यू जर्सीतलं. गावाचं, मंडळीचं, माणसांचं नाव देत नाही, आणि ओळख पटेल असे दोन-चार तपशील बदलले आहेत. ज्या घराची ही हकिगत आहे त्या घरातल्या वहिनींनी मजकूर आधी वाचला. एक वाक्य काढायला लावलं, ते काढलं.

मी नगरचा. आमच्या घरात ख्रिस्ती होऊन चार पिढ्या झाल्या. बोस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ साली मुंबईत उतरले, पुढं १८३१ मध्ये त्यांच्या मिशननं नगरला ठाणं केलं, आणि त्या ठाण्याच्या आसऱ्यानं माझे पणजोबा कधीतरी लिहायला-वाचायला शिकले. आता मी त्यांच्या देशात सॉफ्टवेअर तपासतो आणि रविवारी त्यांच्याच पतवंडांच्या शेजारी बसून गाणी म्हणतो. लोकांना या उलट्या प्रवासाची गंमत वाटते. मला दर वेळी वाटतेच असं नाही.

आमची मंडळी, म्हणजे चर्चच्या सभासदांचा समुदाय, जुनी; रविवारी शंभर-सव्वाशे माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. चर्चच्या मागच्या अंगाला भाड्याच्या सदनिकांची मोठी वसाहत आहे. पंधरा वर्षांत ती जवळजवळ सगळी भारतीय झाली. तेलुगू सर्वांत जास्त, मग गुजराती, तमिळ, थोडे मराठी. एडिसनचा ओक ट्री रोड वीस मिनिटांवर, त्यामुळे मेथीपासून मंगळसूत्रापर्यंत कशाची अडचण नाही. अडचण असते ती माणसांची. नवरा सकाळी सातच्या गाडीनं न्यूयॉर्कला जातो, मुलं शाळेत, आणि एम.एस्सी. झालेली बाई दिवसभर खिडकीतून पार्किंग बघते. एच-४ व्हिसावर आलेल्या बायकोला २०१५ पासून नोकरीचा परवाना मिळू शकतो, पण त्यासाठी नवऱ्याच्या ग्रीनकार्डाचा अर्ज एका टप्प्याच्या पुढं गेलेला असावा लागतो. या घरात तो गेला नव्हता.

चर्चनं या शेजाऱ्यांसाठी एक गट केला होता, आम्ही सात जण. मी एकटाच भारतीय, म्हणून मला त्या कामाचा प्रमुख केलं. तेलुगूचा एक शब्द मला येत नाही, पण ते कुणी विचारलं नाही. गुरुवारी सकाळी दहा ते बारा इंग्रजी संभाषणाचा वर्ग चालायचा. अकरा बायका यायच्या, त्यांत मुलांकडं आलेल्या दोन-तीन सासवाही. व्याकरण कुणालाच नको होतं. विमा कंपनीला फोन कसा लावायचा, शाळेतल्या बाईंशी काय बोलायचं, हे हवं होतं. खरं तर चहा आणि बोलायला कुणीतरी हवं होतं, इंग्रजी हे निमित्त.

वर्ग चालवायच्या त्या एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका. वय सत्तरीचं, उंच, मोठ्यानं हसणाऱ्या. त्यांना आपण टीचरबाई म्हणू. वहिनी त्यांच्या वर्गात दोन वर्षं येत होत्या. चर्चच्या रिकाम्या पार्किंगमध्ये टीचरबाईंनीच त्यांना गाडी शिकवली. वहिनींचे यजमान, आपण दादा म्हणू, एका कन्सल्टन्सीमार्फत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहा. त्या वर्षी मे महिन्यात दादांच्या आई सांगलीहून आल्या, नेहमीप्रमाणे सहा महिन्यांसाठी. घर शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

अडचण

इथल्या शाळा जूनअखेर बंद होतात त्या थेट सप्टेंबरात उघडतात. उन्हाळी शिबिरांचे पैसे ऐकून घाम फुटतो. त्यामुळे जुलैत आमच्या चर्चची पाच दिवसांची व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबलशाळा, सकाळी नऊ ते बारा आणि फुकट, ही वसाहतीत लोकप्रिय होती. वहिनींनी दोन्ही मुलांची नावं घातली. अर्जावर लिहिलं होतं: गोष्टी, गाणी, खेळ, हस्तकला. दादांनी सही करताना म्हटलं होतं, "ऐकू देत की गोष्टी, आपण नाही कॉन्व्हेंटमध्ये ऐकल्या?"

बुधवारी अंगणात शेगडी पेटवून मुलांना बिस्किटांमध्ये चॉकलेट आणि भाजलेला मार्शमेलो घालून दिला. मार्शमेलोत जिलेटिन असतं आणि जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढतात. अर्जावर अॅलर्जीचा रकाना होता. शाकाहाराचा नव्हता.

गुरुवारी, दर वर्षीच्या रिवाजाप्रमाणे, मुलांना डोळे मिटायला सांगून विचारलं की येशूला आपल्या हृदयात कोण घेणार? ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. मुलीनं हात वर केला. तिच्या बाकावरच्या सगळ्यांनीच केला होता. एका स्वयंसेविकेनं कार्डावर तिचं नाव, तारीख आणि पत्ता लिहून घेतला.

त्या रात्री आजी ताटं वाढत होत्या. मुलीनं विचारलं, "आजी, तू स्वर्गात नाही ना येणार?"

आजी म्हणाल्या, "का गं, मी काय केलं?" आणि पोळीवर तूप वाढत राहिल्या. वहिनी सांगतात की त्या पोळीवर तूप जरा जास्तच पडलं, एवढंच. दादा मात्र जेवण सोडून उठले. शुक्रवारी मुलं आली नाहीत. सोमवारी चर्चचं छापील पत्र घरी पोचलं: तुमच्या मुलीनं घेतलेल्या निर्णयाबद्दल अभिनंदन.

मंगळवारी वसाहतीच्या व्हॉट्सअॅप गटावर मजकूर फिरला. माझी बायको त्या गटात आहे, म्हणून मला कळलं. कुणी कुणाला शिव्या दिल्या नव्हत्या. एवढंच होतं: चर्चच्या फुकट कॅम्पपासून जपून, मुलांना बाटवतात. त्या गुरुवारी वर्गाला अकरापैकी सहा बायका आल्या. वहिनी आल्या नाहीत.

मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते या एका वर केलेल्या हातामुळे. त्या मुलीच्या लेखी तो शाळेतला हात होता, बाईंनी विचारलं की वर करायचा. कार्ड लिहिणाऱ्या स्वयंसेविकेच्या लेखी तो जन्माचा निर्णय होता, आणि ती बाई खोटी नव्हती, तिला खरंच आनंदानं रडू आलं होतं. दादांच्या लेखी तो हात म्हणजे घर फुटण्याची सुरुवात. त्यांच्यासारख्या घराला गोष्टी ऐकण्याचं वावडं नसतं. सप्टेंबरात वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेला मेणबत्ती लावायला निम्मी मुंबई जाते, तिथं कुणी कुणाचा धर्म विचारत नाही. हात जोडणं वेगळं आणि बाटणं वेगळं. पहिल्यात एक देव वाढतो, दुसऱ्यात एक माणूस कमी होतो. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या काळात त्या घरावर काय गुदरलं ते मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. ती भीती एडिसनच्या वीस मिनिटांवरही तशीच जिवंत आहे, आणि आमच्या अमेरिकन मंडळींना तिचा पत्ताच नव्हता. मला होता. मी ते पत्र टपालात पडण्याआधी थांबवू शकलो असतो. मला कार्डांची पद्धत माहीत होती आणि मी कधी तोंड उघडलं नव्हतं.

समोरचे पर्याय

चर्चच्या स्वयंपाकघरात बैठक झाली. पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, टीचरबाई, व्हीबीएसच्या प्रमुख आणि आम्ही बाकीचे.

गप्प बसावं, आपोआप निवळेल, असं दोघांचं म्हणणं होतं. ते लवकर बाद झालं, कारण वसाहतीत निवळत नसतं, मुरतं.

पाळकांनी दिलगिरीचं पत्र पाठवायची तयारी दाखवली. एका पत्रानं केलेली जखम दुसऱ्या पत्रानं बुजवायची, हे मला तेव्हाच पटलं नाही.

तिसरी सूचना सर्वांत टोकाची होती: यापुढं भारतीय घरांशी श्रद्धेचा विषयच काढायचा नाही, वर्ग नुसता इंग्रजीचा ठेवायचा. यावर खूप बोलणं झालं. पाळकांना भीती होती की माफी मागताना आपण आपल्या विश्वासाचीच माफी मागून बसू. टीचरबाईंचं म्हणणं वेगळं होतं. त्या म्हणाल्या की माझ्या नातवाला शेजाऱ्यांनी मला न विचारता एखाद्या विधीला बसवलं असतं तर मी पोलिसांना फोन केला असता, आणि तो शेजारी माझा जिवलग असता तर जास्तच लवकर. श्रद्धा लपवणं हीसुद्धा एक फसवणूकच, असंही त्या म्हणाल्या. इंग्रजीच्या वर्गाला येणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे की ही जागा चर्च आहे.

चौथा पर्याय मी मांडला. मी एकटा जाऊन येतो, मराठीत बोलून मिटवतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. रात्री बायकोनं विचारलं, "तू कशाला? तुझं त्यांच्याशी काय बिनसलंय?"

तिचं बरोबर होतं, आणि त्यामागं आणखी एक गोष्ट होती जी मी बैठकीत सांगितली नव्हती. अमेरिकन माणूस ख्रिस्ती असणं दादांना सूर्य पूर्वेला उगवण्याइतकं साहजिक होतं. मराठी माणूस ख्रिस्ती असणं हा प्रश्न असतो. आमची ओळख झाली तेव्हा त्यांनी आडनाव विचारलं होतं, मग "मूळचे कुठले?", मग "नाही, म्हणजे त्याच्या आधी?" नगर जिल्ह्यातला ख्रिस्ती माणूस हा तिसरा प्रश्न लांबून ओळखतो. त्यात जात विचारलेली असते. म्हणजे आमची मंडळी ज्याला पूल समजत होती तो मी, त्या घराच्या दृष्टीनं, पाण्याइतकाच संशयाचा होतो. भाषा एक असली की अंतर कमी असतं हा गोऱ्या माणसांचा समज आहे. कधी कधी भाषा एक असल्यामुळेच अंतर अचूक मोजता येतं.

शेवटी ठरलं: ज्यांच्याकडून चूक झाली त्यांनी जायचं. पाळक आणि टीचरबाई. मी फक्त आजींसाठी दुभाषा.

काय केलं

ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी आम्ही गेलो. आधी वहिनींना विचारून, दादा घरी असतील अशी वेळ घेऊन. हातात काही न्यायचं नाही असं टीचरबाईंनी बजावलं होतं. एरवी त्या केक घेतल्याशिवाय कुणाच्या दारात उभ्या राहत नाहीत. चपला-बूट बाहेर काढले. पाळकांच्या मोज्याला भोक होतं. आजींचं लक्ष तिथंच होतं.

पाळक तीन गोष्टींबद्दल बोलले. मुलीला आईबापांच्या गैरहजेरीत असा प्रश्न विचारला, ती चूक. पत्र पाठवलं, ती चूक. मार्शमेलो, तीही चूक. मार्शमेलोबद्दल त्या घराला तोवर माहीतच नव्हतं. वहिनींनी डोळे मिटून घेतले. न सांगता राहता आलं असतं, पण पाळकांनी सांगितलं. माझ्या मते सगळं वळण तिथं लागलं, कारण दादा पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट बघून बोलले. त्यांना एकच विचारायचं होतं: दोन वर्षं तुम्ही आम्हाला गाडी शिकवता, थंडीचे कोट देता, ते कशासाठी? आम्ही तुमच्यात यावं म्हणून?

पाळकांनी लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाले की तुम्ही यावं असं मला वाटतं, ते खोटं सांगणार नाही. पण गाडी त्यासाठी शिकवली नाही, आणि तुम्ही कधीही आला नाहीत तरी या बाई तुमच्या मैत्रीणच राहतील.

मग आजींनी मला विचारलं, "त्यांना विचारा, माझ्या नातीच्या प्रश्नाचं उत्तर काय? मी जाणार का नाही?"

मी विचारलं. पाळक बराच वेळ गप्प होते. ते जे बोलले त्याचा अर्थ असा की मी येशूवर भरवसा ठेवतो, त्याच्याशिवाय मला दुसरा रस्ता माहीत नाही, पण तुमचा न्याय करणारा मी नव्हे आणि तो मी नाही याचं मला समाधान आहे. भाषांतर करताना मी मधला भाग गाळला आणि शेवट जरा गोड केला. आजी माझ्याकडं बघत होत्या. म्हणाल्या, "त्यांचं तोंड एवढं गोड नव्हतं झालं. नीट सांगा." मला नीट सांगावं लागलं. त्यांनी मान हलवली. "बरंय. निदान खरं बोलतोय माणूस."

आणि मग त्यांनी मिरजेचं काढलं. डॉ. वान्लेस यांनी १८९४ साली उभं केलेलं मिरजेचं मिशन हॉस्पिटल. आजींचा जन्म तिथलाच, त्यांच्या दोन्ही मुलांचाही. सकाळी वॉर्डात प्रार्थना व्हायची, मग डॉक्टर यायचे. "आम्ही पण हात जोडायचो. पण घरी कुणी चिठ्ठी नाही पाठवली हो कधी." हे वाक्य मी शब्दश: भाषांतरित केलं. पाळकांनी ते वहीत लिहून घेतलं.

तेवढ्यावर सगळं सुरळीत झालं नाही. दादांनी चहा घेतला पण हात मिळवला नाही. वहिनी वर्गाला आल्या नाहीत.

सहा दिवसांनी, ११ ऑगस्टला, दादांचा प्रकल्प बंद झाला. एच-१बीवरच्या माणसाची नोकरी गेली की साठ दिवस मिळतात. तेवढ्यात नव्या कंपनीनं अर्ज भरला पाहिजे, नाहीतर व्हिसा बदला किंवा देश सोडा. मुलांच्या शाळा, भाड्याचा करार, गाडीचं कर्ज, सगळं त्या साठात.

मंडळीचा मदतनिधी आहे. दोन महिन्यांचं भाडं द्यावं असा ठराव येऊ घातला होता. देणाऱ्यांच्या मनात पाप नव्हतं. पण ज्या माणसानं नुकतंच "हे कशासाठी" असं विचारलंय त्याच्या हातात त्याच महिन्यात चर्चचा चेक ठेवायचा म्हणजे त्याला उत्तर देण्यासारखं होतं, आणि चुकीचं उत्तर. घेतला तर तो मिंधा, नाकारला तर संकटात. आम्ही चेक दिला नाही. मंडळीतल्या एका बाई मोठ्या कंपनीत माणसं नेमण्याच्या खात्यात होत्या. त्यांनी वहिनींना निरोप दिला की हवा असल्यास मी बायोडेटा बघून देते, लायब्ररीत भेटू. चर्चमध्ये नव्हे, हे मुद्दाम. दादा दोनदा गेले. ही गोष्ट आम्ही बरोबर केली असं मी आजही धरून आहे, जरी एका जुन्या पंचांना ती कंजुषी वाटली आणि त्यांनी तसं तोंडावर सांगितलं.

१९ सप्टेंबरला गणपती बसले. नोकरी नाही, चाळीसावा दिवस, तरी आजींनी हट्टानं दीड दिवसाचा बसवला. आरतीला टीचरबाईंना बोलावणं आलं, आणि भिडेखातर आम्हालाही. माझ्या आईनं नगरला आयुष्यभर शेजाऱ्यांचा प्रसाद हसतमुखानं नाकारला होता. शेजारणीही तो नकार वेगळ्या वाटीत लाडू देऊन निभावून न्यायच्या. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात पौलानं याच पेचावर लिहिलंय: कुणी जेवायला बोलावलं तर वाढलेलं न विचारता खा, पण हे नैवेद्याचं आहे असं कुणी सांगितलं तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. वाचायला सोपं. समोर उकडीचा मोदक वाफाळत असताना आणि यजमानाची नोकरी गेलेली असताना अवघड.

मी गेलो, आरतीच्या वेळी मागं उभा राहिलो, टाळ्या वाजवल्या नाहीत. आजी ताटली घेऊन आल्या. "हे दुसऱ्या घाण्याचे. नैवेद्याचे एकवीस तिकडं आहेत. मिरजेच्या नर्सबाईंना पण असेच द्यायचो आम्ही." मी तीन खाल्ले. टीचरबाईंनी दोन्ही घाण्यांतले खाल्ले, कुठले कुठले हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही सांगितलं नाही.

बावन्नाव्या दिवशी दुसऱ्या कंपनीनं दादांचा अर्ज भरला. ओळख त्यांच्या वालचंद कॉलेजातल्या मित्राची. आमचा हातभार बायोडेट्याच्या एका पानापुरता.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात टीचरबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. कुणी आजारी पडलं की मंडळीत जेवणाची यादी लागते, कोण कुठल्या दिवशी डबा देणार याची. यादी भरली, चीजचे बेक केलेले पदार्थ फ्रीजमध्ये रचले गेले. चौथ्या दिवशी वहिनींचा मला फोन: "भाऊ, मिस आजारी आहेत हे मला फेसबुकवरून कळावं? मला का नाही सांगितलं?"

तिची चीड खरी होती. ज्या बाईनं तिला गाडी शिकवली तिच्या यादीत तिचं नाव घालावं हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. दोन वर्षं आम्ही देत होतो. घ्यायचं कधी सुचलंच नाही. त्यानंतर अकरा दिवस, रोज संध्याकाळी, वहिनी स्वत: गाडी चालवत मऊ भात, मेतकूट आणि वर तूप घेऊन गेल्या. दोनदा आजी बरोबर. टीचरबाई मेतकुटाला 'पिवळी पावडर' म्हणतात आणि अजून संपली की मागवतात.

परिणाम

कुणाचा बाप्तिस्मा झाला नाही. हे आधी सांगतो, कारण मंडळीच्या वार्षिक सभेत पहिला प्रश्न तोच आला होता.

ऑक्टोबरअखेर आजी दिवाळीसाठी सांगलीला परतल्या. नोव्हेंबरात ते घर नॉर्थ कॅरोलायनाला गेलं. सामान बांधायला चर्चमधली चार माणसं होती आणि दादांनी सगळ्यांसाठी पिझ्झा मागवला, पैसे घेऊ दिले नाहीत. पाळकांशी त्यांनी हात मिळवला. मुलं त्यानंतर व्हीबीएसला आली नाहीत, आणि यायला हवी होती असं मला वाटत नाही.

गुरुवारच्या वर्गातून गेलेल्या पाचांपैकी दोघी परत आल्या. वसाहतीच्या गटावर तो मजकूर खोडला गेला नाही, कुणी खोडणारही नव्हतं. व्हीबीएसचा अर्ज बदलला. आता त्यात स्पष्ट आहे की इथं येशूविषयी श्रद्धेनं शिकवलं जाईल, मुलांकडून कुठलाही निर्णय मागितला जाणार नाही, घरी पत्र जाणार नाही. खाण्याच्या रकान्यात शाकाहार, अंडं, जिलेटिन वेगवेगळं आहे. हात वर करायला लावणं बंद झालं. यावरून व्हीबीएसच्या दोन जुन्या शिक्षिका काम सोडून गेल्या. त्यांचं म्हणणं असं की आपण मुलांपासून सर्वांत मोलाची गोष्ट लपवतोय. त्यांच्याशी माझं अजून पटलेलं नाही, पण त्यांना मूर्ख म्हणणाऱ्यांशीही पटत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मी आधीच्या वर्षीच बोलायला हवं होतं. कार्डं भरताना मी दोन उन्हाळे पाहिली होती. नवख्या माणसाला वाटतं की आपण पाहुणे, यांच्या घरात यांची रीत. पण मला त्या कामाचं प्रमुख केलं होतं ते नेमकं ही रीत कुठं लागेल ते सांगायला.

भेटीत दुभाषा म्हणून मी नको होतो. वहिनी आजींना सहज सांगू शकल्या असत्या आणि साखर घालायचा मोह त्यांना झाला नसता. मला त्या खोलीत असायचं होतं, म्हणून मी गेलो.

डब्यांच्या यादीचं तर दुसऱ्या वर्षीच सुचायला हवं होतं. आता वर्गातल्या प्रत्येकीला यादीत नाव घालायचंय का, विचारतो. सगळ्या हो म्हणतात. गेल्या हिवाळ्यात पाळकांच्या घरी सलग तीन दिवस सांबार गेलं.

आणि ते कार्ड. घर हलवायच्या आठवड्यात मुलीनं टीचरबाईंना हळूच सांगितलं की ती झोपताना कधी कधी येशूशी बोलते. टीचरबाईंनी मला फोन केला. आठ महिन्यांपूर्वी असं कळतं तर आमच्याकडं पेढे वाटले असते. त्यांनी विचारलं, आता काय करू? मी म्हटलं, मला माहीत नाही. त्यांनी मुलीला सांगितलं की हे आईला सांग, मी शेजारी बसते. मुलीनं सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "माहितेय मला. भिंत पातळ आहे. मग सकाळी उठून गणपतीची आरती पण म्हणते, तीही बेसूर."

ते जुलैचं कार्ड अजून चर्चच्या कपाटात होतं. फाडून टाकावं असं पाळकांचं म्हणणं होतं. टीचरबाईंनी ते नेऊन वहिनींच्या हातात दिलं, तुमच्या मुलीचं आहे, तुम्ही ठरवा म्हणून. वहिनींनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि मुलांच्या प्लॅस्टिकच्या फायलीत, लसीकरणाच्या कागदांच्या मागं, घालून ठेवलं.